होला गेला वकिलातीत

जावा बेटावरचे जुने लोक सांगतात की पुरुषाचा संसार पाच गोष्टींनी पुरा होतो: घर, बायको, घोडा, कट्यार आणि पक्षी. वारसितोकडे जकार्तात घर होतं, बायको होती, घोड्याच्या जागी स्कूटर होती, आणि कट्यारीचं काम बायकोची, म्हणजे नानिकची, जीभ चोख करत असे. राहता राहिला पक्षी. विमा कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या नुकसानीचे दावे तपासणाऱ्या माणसाला पक्षी पाळायला वेळ कुठला? पण ही उणीव त्याच्या सासऱ्यांना लग्नाच्या दिवसापासून सलत होती.

सासरे, पाक सास्त्रो, हे क्लातेनचे निवृत्त स्टेशनमास्तर. (पाक म्हणजे तिकडचे 'राव', फक्त ते नावाच्या आधी लागतं.) त्यांच्याकडे एक होला होता. होला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर तारेवर बसलेला राखी रंगाचा एक भाबडा जीव आला असेल, तर तो पुसून टाका. हा खानदानी होला होता. त्याचं नाव क्याई मेंडुंग. क्याई ही पदवी तिकडे थोर धर्मगुरूंना, पिढीजात कट्यारींना आणि अशा पक्ष्यांना देतात. वारसितोला सगळे नुसतं वारसितो म्हणत.

तर सासरे उमरा यात्रेला मक्केला निघाले आणि जाताना क्याईंना लेक-जावयाकडे ठेवून गेले. मुलगी देताना ते रडले नव्हते. पिंजरा देताना विमानतळावर त्यांना भरून आलं.

"सकाळी ऊन लागलं पाहिजे. कप्पीवरून वर चढवायचा, हळू. वारा मिळाला की गातो. गायला की समजायचं, खुशीत आहे."

वारसितोने मान डोलावली. अंगणात कपडे वाळत घालायची काठी होती, तिच्यावर त्याने पिंजरा टांगला. क्याईंनी एकदा शेजारच्या ओल्या पायजम्याकडे पाहिलं आणि चोच मिटली ती मिटलीच.

चार दिवसांनी मक्केहून फोन. "गातोय ना?"

"फार सुंदर!" वारसितो म्हणाला. म्हाताऱ्या माणसाच्या यात्रेत विघ्न नको, एवढाच त्यात हेतू.

"ऐकव."

वारसितोने फोन नानिकच्या हातात दिला, न्हाणीघरात शिरून दार ओढून घेतलं आणि जमेल तसं घशातून काढलं, "हुर्रर्र-केते-कूंग!"

मक्केत सासऱ्यांनी ते कान देऊन ऐकलं. मग सासरे काळजीच्या सुरात म्हणाले, "नानिक, पोरी, त्याच्या घशात कफ साचलाय. आल्याचं पाणी पाज त्याला."

नानिकने आल्याचं पाणी केलं आणि घशात दोष ज्याचा होता त्याला पाजलं.

प्रकरण इथेच थांबलं असतं, पण शेजारी पाक तांबुनान यांनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. तांबुनान बाताक जमातीचे. ही माणसं मनानं सोन्यासारखी, पण कुजबुजायला उभी राहिली तरी पलीकडच्या चौकातली वाहतूक थांबते. त्यात ते बरोबरीच्या प्रत्येक पुरुषाला 'लाए' म्हणजे 'मेव्हणे' म्हणत, ते नानिकला मुळीच आवडत नसे.

"लाए! पक्ष्याचा काही दोष नाही. तुमची काठी बुटकी आहे! समोर ही एवढी भिंत. वारा येणार कुठून? उंच खांब लावा. मी उभा करून देतो. आयुष्यात तीन पूल बांधलेत मी, एक होला उचलणं काय अवघड आहे?"

समोरची भिंत एका परक्या देशाच्या वकिलातीची होती. देशाचं नाव सांगत नाही. लहानसा, थंड, सभ्य देश आहे. उगाच त्याला यात कशाला ओढा? वकिलातीचं तोंड मोठ्या रस्त्याला आणि पाठ या गल्लीला. भिंतीवर काटेरी तार, तारेच्या वर चाफ्याची झाडं आणि झाडांच्या वर त्यांचा झेंडा. गल्लीतल्या लोकांनी वकिलात म्हणून काय पाहिलं असेल, तर एवढंच.

खांबाची बातमी गल्लीप्रमुख पाक साबेनी यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते वहाणा फटफटवत आले आणि आधी झेंड्याकडे, मग वारसितोकडे पाहून गंभीर झाले.

"माझा विरोध नाही. पण तुमचा होला त्यांच्या झेंड्याच्या वर गेला तर? एका देशाच्या डोक्यावर आपल्या गल्लीतला पक्षी! उद्या काही झालं तर विचारणार कोणाला? मला. हे लेखी पाहिजे."

"मग झेंड्याच्या वीतभर खाली ठेवू," तांबुनान म्हणाले.

"कोणाची वीत?" साबेनींनी विचारलं. प्रश्न बरोबरच होता, कारण तांबुनानांची वीत म्हणजे साबेनींचा हात. शेवटी नानिकची वीत दोन्ही पक्षांना मान्य झाली.

रविवारी सकाळी खांब उभा राहिला. लोखंडी नळीला नळी, तिच्यावर बांबू आणि टोकाला कप्पी. अख्खी गल्ली जमली होती. कोणीतरी तळलेली केळी वाटली. वारसितोने नवी लुंगी नेसली होती. दोरी ओढताना आपण पाचवी गोष्ट मिळवलेले पुरे गृहस्थ आहोत, असं त्याला आयुष्यात प्रथमच वाटलं. क्याई हळूहळू वर गेले. छपराच्या वर, भिंतीच्या वर, चाफ्याच्या वर. आणि मग, तांबुनानांनी कबूल केलं होतं त्याप्रमाणे, वारा आला.

खांब मोडला नाही. तांबुनान हे आजही सगळ्यांना सांगतात: मोडला नाही! तो फक्त वाकला. एखादा सुसंस्कृत जावानीज वडीलधाऱ्यांपुढे वाकतो तसा, सावकाश आणि अदबीने, आणि तसाच वकिलातीच्या भिंतीवर आडवा झाला. पिंजरा दोरीवरून घरंगळत पलीकडे चाफ्यात उतरला. पुढच्याच क्षणी वकिलातीत भोंगा वाजू लागला.

गल्ली रिकामी व्हायला वेळ लागला नाही. केळ्यांची ताटलीसुद्धा कोणीतरी उचलून नेली. उरला एकटा वारसितो, हातात दोरी धरून. दोरीचं दुसरं टोक परदेशात होतं.

तो धावत वळसा घालून मोठ्या फाटकाशी गेला. तिथे उजांग नावाचा पहारेकरी भोंगा बंद करायची कळ शोधत होता.

"दादा, आमचा पक्षी आत पडलाय."

"तुमचा होय? मला वाटलं हल्ला झाला! पक्षी धडधाकट आहे, पाहिलाय मी. पण आज रविवार. सुटीच्या दिवशी मी कोणाच्या हातात काही दिलं तर माझी नोकरी जाईल. आत गेलं की तो त्यांचा देश. उद्या या."

उद्या म्हणजे सोमवार. वारसितोने साहेबांकडून अर्धी रजा घेतली. कारण विचारल्यावर 'परराष्ट्र व्यवहार' असं सांगितलं. नानिकने क्लेपोन करून दिले. म्हणजे तांदळाच्या पिठाच्या हिरव्या गोळ्या, पोटात गूळ, वर खोबरं. क्षमा मागायला रिकाम्या हाताने जायचं नसतं. वकिलातीत एकच खिडकी उघडी होती आणि ती व्हिसाची. रांगेत सगळे कोट घालून, फायली घेऊन उभे. खिडकीतल्या बाईने वर न बघता विचारलं, "पर्यटन की व्यवसाय?"

"कौटुंबिक," वारसितो म्हणाला.

"कोण आहे तिथे तुमचं?"

"होला."

मग तिने वर पाहिलं, आणि आतून दुय्यम सचिवाला बोलावलं. हा सोनेरी दाढीचा तरुण इथली भाषा पुस्तकातून शिकला होता. भाषा शुद्ध होती, इतकी की ती बोलणारा दुसरा माणूस देशात नव्हता.

"आपले शुभागमन कोणत्या हेतूने झाले आहे, महोदय?"

आता, 'माझा पक्षी परत द्या' एवढं वाक्य पुरेसं होतं. तांबुनान असते तर ते रस्त्यावरूनच ओरडले असते. पण वारसितो पडला जावानीज. समोरच्याच्या तोंडावर काही मागणं म्हणजे त्याला ओरबाडल्यासारखं. आधी त्याने सचिवाची प्रकृती विचारली, मग आई-वडिलांची. बागेची तारीफ केली. मग सहज आठवल्यासारखं म्हणाला, "आमचा एक लहानसा पक्षी काल आपल्या बागेत आला."

"होय, आला. अत्यंत मनोहर पक्षी. राजदूत महोदयांना तो अतिशय प्रिय झाला आहे."

"आवडला ना? मग बरं झालं. आपल्याला त्रास नको, एवढंच."

"तर मग तो पक्षी… येथेच, आमच्याकडे?"

"हो, हो," वारसितो म्हणाला. या 'हो'चा अर्थ 'तुमचं बोलणं माझ्या कानावर पडलं' इतकाच असतो, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण ते पुस्तकात लिहिलेलं नसावं. सचिवाने छातीवर हात ठेवला. त्याचे डोळे पाणावल्यासारखे दिसले. वारसितोने क्लेपोनचा डबा पुढे केला आणि तो अदबीने मागे मागे सरकत बाहेर आला.

"काम झालं," त्याने घरी सांगितलं. "फार सुसंस्कृत मुलगा. न सांगता सगळं समजला."

"मग पक्षी कुठाय?" नानिकने विचारलं.

"अगं, त्यांची काही रीत असेल ना!"

मंगळवारी सकाळी रीत कळली. गल्ली दात घासत असताना भिंतीपलीकडून एक आवाज उठला. हुर्रर्र-केते-कूंग! घुमारदार, लांबलचक, शेवटचा 'कूंग' मंदिरातल्या घंटेसारखा हवेत राहणारा. सगळे ब्रश तोंडात ठेवून थांबले. क्याई मेंडुंग गात होते. वारसितोच्या घरात आल्याच्या वासालाही न बधलेला हा प्राणी परमुलखात जाऊन गवयासारखा सुटला होता! वारसितोला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आतून काहीतरी टोचलं. आपल्या घरी तोंड न उघडणारा पाहुणा शेजाऱ्याकडे गप्पा छाटताना ऐकू आला की जे टोचतं, ते.

इतक्यात मक्केचा फोन. नानिकने फोन भिंतीकडे उंच धरला.

पलीकडून सासरे रडू लागले. "वारसितो, पोरा! इतकं तर तो माझ्याकडेही गायला नाही. काय केलंस तरी काय?"

"हवापालट," वारसितो म्हणाला. एका परीने ते खरंच होतं.

दिवस जाऊ लागले. रोज सकाळी गाणं. पक्ष्याचा पत्ता मात्र नाही. तांबुनान म्हणाले, "लाए, असं चालणार नाही. सरकारी कागद आणा!" म्हणून वारसितोने आणखी अर्धी रजा काढली आणि एका मोठ्या सरकारी कचेरीत जाऊन बसला. तिथला अधिकारी कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. 'होला' हा शब्द येताच आठ्या गेल्या. त्याने दार लावून घेतलं.

"आवाज कसा आहे? शेवटचा सूर लांबतो? दाणा काय देता?"

त्याच्याकडे स्वतःचे होले होते. चहा आला, बिस्किटं आली. बाजरी की काळे तीळ, अंघोळ रोज की आठवड्याने, यावर इतकी रसाळ चर्चा झाली की अधिकारी वारसितोला पोचवायला खाली स्कूटरपर्यंत आला. निम्म्या वाटेत वारसितोच्या ध्यानात आलं: कागद मागायचा राहिला, आणि त्यानेही दिला नव्हता.

आणि दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी सासरे परतले. खजूर, मक्केच्या झमझम विहिरीचं पवित्र पाणी आणि उन्हाने रापलेला प्रसन्न चेहरा घेऊन ते थेट अंगणात गेले. अंगणात ओला पायजमा वाळत होता.

"क्याई कुठेत?"

त्याच वेळी भिंतीपलीकडून आवाज आला. हुर्रर्र-केते-कूंग. सासऱ्यांनी आवाजाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग जावयाकडे. जावई तोंड उघडणार एवढ्यात फाटकाशी उजांग आला. त्याच्या हातात सोनेरी कडेचं पाकीट होतं. नानिकने ते वाचून दाखवलं. राजदूत महोदया पाक वारसितो, त्यांचे कुटुंबीय आणि शेजारी यांना शनिवारी दुपारी चहाला बोलावत होत्या. 'आपण प्रेमाने दिलेल्या अनमोल पक्ष्याच्या भेटीबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी.'

"भेट?" सासरे म्हणाले.

वारसितोने मग सगळं सांगितलं. खांब, वारा, व्हिसाची खिडकी आणि तो 'हो, हो'. सासरे ऐकत राहिले. जावानीज माणूस ओरडला तर समजावं की राग गेला. ते ओरडले नाहीत. शेवटी म्हणाले, "दिलेली वस्तू परत मागायची नसते."

"पण बाबा, दिली कुठे होती?" नानिक म्हणाली.

"त्यांना दिली असं वाटतंय ना? मग दिली. माझा बाटिकचा सदरा इस्त्री करून ठेव."

शनिवारी सगळी गल्ली नटून वकिलातीत गेली. साबेनींनी हजेरीचा कागद आणला होता. बाग मोठी होती. झेंड्याशेजारच्या रिकाम्या काठीवर, नव्या कप्पीला क्याई मेंडुंग झुलत होते. राजदूत बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, आणि चप्पल गल्लीतल्यांसारखीच रबरी. त्या बोलू लागल्या आणि सचिव पुस्तकी भाषेत सांगू लागला.

बाईंना इथे येऊन तीन वर्षं झाली होती. मंत्र्यांनी त्यांना चांदीची जहाजं दिली, कंपन्यांनी चित्रं दिली. पण भिंतीपलीकडून त्यांच्याकडे आला तो फक्त मासळी तळल्याचा खमंग वास आणि मुलांचं हसणं. "मला वाटे, काटेरी तारेमुळे आमचे शेजारी आमच्यावर रुष्ट आहेत. त्या भिंतीवरून एके दिवशी पक्षी आला. पाठोपाठ मिठाई आली." त्या रोज पहाटे उठून स्वतःच्या हाताने पिंजरा वर चढवत होत्या. आणखी काय करायला हवं, ते त्यांना शिकायचं होतं.

वारसितोने मान खाली घातली. सासरे पुढे झाले. टोपी सारखी केली.

"सकाळी ऊन, दुपारी सावली. मांजराला लांब ठेवा. आणि बाई, त्याच्याशी बोलत जा. एकटा पडला की तो मुका होतो. माझी बायको बोलायची त्याच्याशी. ती गेल्यावर सकाळी घरात बोलणारा हा एकटाच…" आवाज जरा फाटला. त्यांनी खाकरून तो जागेवर आणला. "तुमच्याकडे तो सुखात आहे. गाण्यावरून कळतं. आम्हाला आनंद आहे."

सचिवाने भाषांतर केलं. नानिक पदराच्या टोकाने, म्हणजे तिकडच्या ओढणीच्या टोकाने, डोळे टिपू लागली. आणि त्या शांततेत, तोंडात त्या देशाच्या खारवलेल्या मासळीचा तुकडा असलेले तांबुनान गर्जले:

"अरे, काय चाललंय काय हे! बाईसाहेब, कसली भेट? पडलाय तो! खांब मी उभा केला आणि तो आडवा झाला! म्हातारबाबा रडायला आलेत आणि हे जावानीज लोक 'आनंद आहे, आनंद आहे' म्हणतायत! मरतील, पण बोलणार नाहीत!"

"क्षमा असावी," सचिव पांढराफटक पडून म्हणाला, "'पडला' म्हणजे… पतन?"

तांबुनानांनी हात उंच केला आणि खांबासारखा हळूहळू वाकवत शेजारच्या टेबलावर निजवला. दोन कप फुटले. आता सगळ्यांना समजलं.

"म्हणून मी म्हणतो," साबेनी पुटपुटले, "लेखी पाहिजे."

राजदूत बाई हसू लागल्या. हसता हसता खुर्चीवर बसल्या, डोळे पुसले आणि मग एकदम गंभीर झाल्या. त्या सासऱ्यांकडे वळल्या, आणि या वेळी सचिवसुद्धा अडखळत, साध्याच भाषेत बोलला.

"त्या विचारतायत… मला वाईट वाटू नये, म्हणून तुम्ही घरातला हा एकुलता एक आवाज देऊन टाकणार होता?"

"शेजारी आहोत आपण," सासरे म्हणाले.

बाईंनी स्वतः दोरी सोडली, पिंजरा हळू, अगदी हळू खाली घेतला आणि सासऱ्यांच्या हातात दिला. "मी दोनदा ऋणी आहे," सचिव सांगत होता. "पक्षी दिलात असं वाटलं तेव्हा एकदा. आणि दिला नव्हतात हे कळलं तेव्हा, जास्त."

निघताना बाई म्हणाल्या की एवढा वळसा कशाला, मागे एक दार आहे. दार होतं, पण गंजून भिंतीचाच भाग झालं होतं. किल्लीचा कोणालाच पत्ता नव्हता. तांबुनानांनी खांदा लावला. तीन पूल बांधलेल्या त्या खांद्यापुढे दार करकरत उघडलं आणि समोर पाहतो तर वारसितोचं स्वयंपाकघर! चुलीवरच्या कढईचा वाससुद्धा ओळखीचा. परदेशाहून घरी यायला इतका कमी वेळ आजवर कोणाला लागला नसेल.

राजदूत बाई उंबऱ्यावर उभ्या राहून गल्ली पाहत होत्या. नानिकला ते बघवेना.

"अहो, अशा दारात काय उभ्या? या जेवायला. मासळी तळलीय."

बाईंनी एक पाऊल उचललं, तसंच थांबवलं आणि सचिवामार्फत साबेनींना विचारलं, "यासाठी काही अनुमती लागते का?"

अख्खी गल्ली श्वास रोखून गल्लीप्रमुखाकडे पाहू लागली. साबेनींनी खिशातलं पेन काढलं, विचार केला आणि पेन परत ठेवलं.

"पाहुणा चोवीस तासांपेक्षा जास्त राहिला, तरच नोंद करावी लागते," ते म्हणाले. "या, बाई, या."

अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. राजदूत बाई हाताने भात कालवायला शिकत होत्या, सासरे त्यांना खजूर निवडून देत होते आणि मधूनमधून पिंजऱ्याशी काहीबाही बोलत होते. वारसितो वाढायला उभा होता. गेले कित्येक दिवस तो मनातल्या मनात तांबुनानांना शिव्या घालत होता. आज त्या मोठ्या तोंडाने जे केलं, ते त्याच्याच्याने सात जन्मांत झालं नसतं. पण 'उपकार झाले' असं सरळ तोंडावर म्हणणं जमलं असतं, तर तो वारसितो कसला? त्याने कढईत नीट निरखून सर्वांत मोठा, सर्वांत खरपूस तुकडा उचलला आणि तांबुनानांच्या ताटात ठेवला.

"हे काय, लाए? मी मागितला नाही."

"हो, हो," वारसितो म्हणाला, आणि पुढच्या ताटाकडे वळला.